चष्मा नेमका कोणी आणला?

आमच्या घरात पानशेतच्या पुराची एकच गोष्ट दोन माणसांनी स्वतःची म्हणून सांगितलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी सकाळी, बांधकाम पुरे न झालेले आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांमध्ये शिरले, हे पुण्यात वाढलेल्या कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. आमचे बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर होते. पाणी चढू लागले तशी सगळी बिऱ्हाडे वरच्या मजल्यावर गेली, आणि वर गेल्यावर आण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, लक्षात आले की आपला चष्मा खालीच राहिला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही ओळखू येत नसे. तेव्हा घरातले एक मूल कोणालाही न विचारता जिना उतरले, खालून तिसऱ्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहिले, समोर जेवायचा पाट गरगर फिरत होता तो पायाने बाजूला सारला, जिन्यालगतच्या कोनाड्यातून चष्म्याचे घर काढले आणि ते दातांत धरून वर आले.

ते मूल म्हणजे मी, असे बाबा सांगत. ते मूल म्हणजे मी, असे आत्या सांगते.

बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि आत्या नऊ वर्षांची. दोघांच्याही गोष्टीत तिसरी पायरी होती, पाट होता, पाण्याला येणारा चिखलाचा आणि रॉकेलचा वास होता. फरक होता तो फक्त कर्त्याचा. गौरीजेवणाला सगळे जमले की हा वाद हमखास निघे आणि ‘दादा, तू तेव्हा आईच्या पदराला धरून रडत होतास,’ या आत्याच्या वाक्यावर तो थांबे. बाबा २०१७ साली गेले, त्यामुळे वादाला दुसरी बाजू उरली नाही. आता पहिली बाजूही पुसट होऊ लागली आहे, कारण गेल्या वर्षी आत्याला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले.

तिला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. त्यांनी तिला तीन शब्द दिले: लिंबू, किल्ली, पतंग. ते लक्षात ठेवा, मी थोड्या वेळाने विचारीन, असे सांगून त्यांनी तिच्याकडून घड्याळाचे चित्र काढून घेतले आणि मराठी महिने उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष असे करत आत्या न अडखळता चैत्रापर्यंत येऊन पोचली. मग डॉक्टरांनी ते तीन शब्द विचारले. आत्याने माझ्याकडे पाहिले, डॉक्टरांकडे पाहिले आणि म्हणाली, ‘तुम्ही मला काही दिलं होतं का? मग परत कशाला मागता, दिलेलं परत मागू नये.’ डॉक्टर हसले, मीही हसलो, पण तिच्या बोटांनी पदराचे टोक घट्ट पिळून धरले होते, ते मला दिसत होते. त्यानंतर लहानपणातले काही सांगा म्हटल्यावर तिने चष्म्याची गोष्ट सांगितली, ती पाटासकट, वासासकट, एकही तपशील न गाळता. पाच मिनिटांपूर्वीचे लिंबू जिथे टिकले नाही, तिथे चौसष्ट वर्षांपूर्वीचा कोनाडा जसाच्या तसा होता. निदान मला तरी तेव्हा ‘जसाच्या तसा’ असेच वाटले.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे, वैद्यकाशी माझा संबंध नाही. छापायच्या मजकुराची मूळ प्रतीशी ताडणी करणे आणि जिथे फरक दिसेल तिथे समासात खूण करणे, हे माझे पंचवीस वर्षांचे काम. त्यामुळे त्या दिवसानंतर मी मेंदू आणि स्मृतीवरचे जे काही वाचत गेलो, त्यात माझा प्रश्न एकच राहिला: आठवणीची मूळ प्रत असते कुठे?

नवे विसरते आणि जुने टिकते, या पहिल्या कोड्याचा उलगडा त्या मानाने जुना आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवले होते की स्मृतीचा ऱ्हास बहुधा अलीकडून पलीकडे जातो. पुढे १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाला फेफऱ्यावर उपाय म्हणून शस्त्रक्रिया करण्यात आली आणि तीत मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या अवयवाचा दोन्ही बाजूंचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर बालपण आठवणाऱ्या या माणसाला कोणतीही नवी घटना लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि तेव्हापासून नव्या आठवणी घडण्यासाठी हिप्पोकॅम्पस लागतो, हे पाठ्यपुस्तकात गेले. स्मृतिभ्रंशाचे मुख्य कारण असलेल्या अल्झायमर या आजाराचे आक्रमण याच भागावर आणि त्याच्या शेजारच्या भागावर आधी होते. तेव्हा लिंबू, किल्ली आणि पतंग कुठे गेले, हे कळण्यासारखे आहे. मला जास्त वेळ अडवून ठेवले ते चष्म्याने.

मोठ्या आपत्तीच्या क्षणाची आठवण मेंदूत छायाचित्रासारखी उमटते, असे १९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी मांडले होते. केनेडींच्या हत्येची बातमी ऐकली तेव्हा आपण कुठे होतो, हे लोक वर्षांनंतरही ठामपणे सांगत, त्यावरून ही कल्पना निघाली. पुण्यात त्या पिढीतल्या कोणालाही पानशेतबद्दल विचारा, हाच ठामपणा दिसेल. परंतु ठामपणा आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मानसशास्त्रज्ञ उल्रिक नाइसर यांनी फार साध्या रीतीने दाखवले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान फुटले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून, बातमी कशी कळली, कुठे कळली, सोबत कोण होते, हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. मुख्य तपशिलांत जवळजवळ एकचतुर्थांश मुले पूर्णपणे चुकली, आणि चुकलेल्यांपैकी कित्येकांना आपल्या उत्तराची पक्की खात्री होती. मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे: स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही त्यांची आताची आठवण बदलली नाही. मूळ प्रत हातात असताना लेखक चुकीच्या प्रुफाच्या बाजूने भांडतो, असे प्रसंग मी पाहिलेले आहेत, पण त्यामागे मेंदूचा काही धर्म असेल असे कधी मनात आले नव्हते.

असे का व्हावे, याचे आजवरचे सर्वांत ठोस उत्तर २००० साली करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात केलेल्या प्रयोगातून आले. एक विशिष्ट स्वर ऐकू आला की विजेचा झटका बसतो, हे उंदरांना शिकवले गेले. अशी शिकवण एकदा मेंदूत पक्की झाली की ती हलत नाही, असा तोवरचा समज होता. या संशोधकांनी उंदरांना तो स्वर पुन्हा ऐकवला, म्हणजेच आठवण जागी केली, आणि लगेच भीतीशी संबंधित असलेल्या अमिग्डाला या भागात नवी प्रथिने बनू न देणारे औषध टोचले. उंदरांची भीती नाहीशी झाली. स्वर न ऐकवता तेच औषध दिले तर भीती तशीच राहिली, आणि स्वर ऐकवून सहा तासांनी दिले तरीही तशीच राहिली. याचा अर्थ, आठवण जागी होते तेव्हा ती काही काळ सैल पडते आणि टिकायची असेल तर तिला नव्याने घट्ट व्हावे लागते.

हे वाचताना मला सदाशिव पेठेतला तो छापखाना आठवला, जिथे मी पहिल्यांदा प्रुफे तपासली. खिळ्यांची, म्हणजे एकेक अक्षराचे धातूचे ठसे जुळवून करायची, छपाई तेव्हा संपतच आली होती, पण एक वयस्क जुळारी लग्नपत्रिकांची कामे अजून हाताने करत. छपाई झाली की ते जुळवलेला मजकूर सोडवून एकेक खिळा पुन्हा खिळ्यांच्या पेटीतल्या त्याच्या खणात टाकत, आणि तीच पत्रिका परत हवी असेल तर सगळे पहिल्यापासून जुळवत. दुसऱ्या खेपेला एखादा अनुस्वार निसटे, कधी ‘चि.’च्या जागी ‘चि. सौ. कां.’ पडे. नादर यांचा प्रयोग खरा मानला, तर आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली छापील प्रत नव्हे. ती दर वेळी पुन्हा जुळवली जाते, आणि जुळवताना आधीच्या छापाखेरीज समोर दुसरे काही नसते. आत्याने ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही. जी आठवण कधीच कोणाला सांगितली नाही ती कदाचित अधिक शुद्ध असेल, हा विचार मला थोडा अस्वस्थ करून गेला. उंदरांमध्ये जे इतके स्वच्छ दिसले ते माणसांत तितक्या सरळपणे दिसलेले नाही, आणि नकोशा आठवणी पुसण्याचे उपाय यातून निघतील ही आशा अजून आशाच आहे, हेही इथे नोंदवायला हवे.

मग मूळ प्रत नसतेच का? तिची खूण तरी असते, असे सुसुमु तोनेगावा यांच्या, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील, प्रयोगशाळेचे काम सांगते. प्रतिपिंडांवरील कामासाठी १९८७ चे नोबेल मिळवलेल्या या गृहस्थांनी पुढे आपला मोर्चा स्मृतीकडे वळवला. एखादा अनुभव घेताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या चेतापेशी सक्रिय होतात, नेमक्या त्याच पेशी प्रकाशाला प्रतिसाद देतील अशी जनुकीय योजना त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१२ मध्ये केवळ प्रकाश टाकून उंदरात भीतीची आठवण जागवता आली. २०१३ मध्ये त्याहून पुढचे घडले: उंदीर निर्धास्तपणे फिरला होता त्या पहिल्या पेटीच्या पेशी, तो दुसऱ्या पेटीत झटके खात असताना, प्रकाशाने चेतवल्या गेल्या. नंतर पहिल्या पेटीत ठेवल्यावर, जिथे त्याला कधीच काही इजा झाली नव्हती तिथे, तो भीतीने थिजून उभा राहिला. न घडलेल्या गोष्टीची खरी भीती.

आणि त्याच प्रयोगशाळेचा २०१६ चा प्रयोग तर मी तीन वेळा वाचला. अल्झायमरसारख्या विकाराच्या आरंभीच्या अवस्थेतले उंदीर झटका बसलेल्या पेटीत दुसऱ्या दिवशी ठेवले तर त्यांना काही आठवत नसे. पण त्या अनुभवाच्या पेशींवर प्रकाश टाकला की आठवत असे. म्हणजे आठवण तिथे होती, तिच्यापर्यंत जाणारी वाट बंद झाली होती. हे उंदरांमधले आहे, जनुके बदललेल्या उंदरांमधले आहे, आणि आत्याच्या डोक्यात प्रकाशतंतू घालता येणार नाही, हे मला समजते. तरीही त्या रात्री मी बराच वेळ लिंबू, किल्ली आणि पतंग या तीन शब्दांचा विचार करत राहिलो.

स्मृतीच्या या भौतिक खुणेला रिचर्ड सेमॉन यांनी १९०४ मध्ये ‘एनग्राम’ हे नाव दिले. महाविद्यालयात ज्यांनी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह, हे न्यायदर्शनाचे छोटे पाठ्यपुस्तक, वाचला असेल त्यांना इथे ‘संस्कार’ हा शब्द आठवेल. केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान ती स्मृती, अशी अन्नंभट्टांची व्याख्या आहे, आणि स्मृती यथार्थ असते तशी अयथार्थही असते, हेही ते पुढे सांगतात. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, स्मृतीला प्रमाणांत, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाच्या साधनांत, जागा दिली नाही. आपल्याकडे सगळे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा माझा अजिबात हेतू नाही. अन्नंभट्टांना चेतापेशी ठाऊक नव्हत्या. पण साक्षीदाराच्या आठवणीवर किती भार टाकावा, या प्रश्नात ते आमच्या गौरीजेवणाच्या पंगतीपेक्षा बरेच सावध होते.

आता कर्त्याचा प्रश्न. न्यूझीलंडमधील मर्सिडीज शीन व सायमन केम्प आणि अमेरिकेतील डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच घटनेविषयी ‘हे माझ्या बाबतीत घडले’ असे दोन्ही भावंडांनी प्रामाणिकपणे म्हणावे, अशी उदाहरणे त्यांना एकामागून एक सापडत गेली. जुळे नसलेल्या भावंडांत आणि मित्रांतही ती दिसली, जुळ्यांत अधिक. हे वाचेपर्यंत आमच्या घरातला वाद ही आमच्याच कुळाची खोड आहे, असे मी समजत होतो. दोघांपैकी एक जण थापा मारतो आहे, हे गृहीतच मुळात चुकीचे होते. ज्याने जिना उतरला नाही त्यानेही तो अनेकदा मनात उतरलेला असतो. ऐकताना त्याने पायरी पाहिलेली असते, पाण्याचा गारवा कल्पिलेला असतो, आणि काही वर्षांनी त्या चित्राच्या समासात ‘हे कल्पिलेले’ अशी जी खूण असायला हवी ती उरत नाही.

ही खूण मेंदू करतो तरी कशी, हा प्रश्न स्मृतीचा आहे तितकाच जाणिवेचाही आहे. केंब्रिजमध्ये जॉन सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ५३ निरोगी व्यक्तींची तपासणी केली. मेंदूच्या पुढच्या भागात पॅरासिंग्युलेट नावाची एक घळी असते, ती काहींना असते आणि काहींना नसते. ज्यांना ती दोन्ही बाजूंना नव्हती, त्यांना आपण अमुक शब्द प्रत्यक्ष पाहिला होता की नुसता कल्पिला होता, हे ओळखणे अधिक जड गेले. गंमत अशी की आपल्या स्मरणशक्तीवरचा त्यांचा विश्वास इतरांइतकाच होता. २०२५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील नादीन डाइकस्ट्रा, स्टीफन फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी याच धाग्यावर आणखी काम प्रसिद्ध केले. पाहणे आणि कल्पिणे यांसाठी मेंदूचा फ्युझिफॉर्म हा एकच भाग राबतो, आणि तिथली हालचाल एका पातळीच्या वर गेली की माणूस ‘हे खरेच समोर आहे’ असे ठरवतो, असे त्यांना आढळले. कल्पना पुरेशी ठसठशीत असली तर तीही खऱ्यात जमा होते.

मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग यांनी माहिती असणे आणि आठवणे यांत केलेला भेद इथे उपयोगी पडतो. के. सी. या नावाने ओळखल्या गेलेल्या त्यांच्या कॅनडातील रुग्णाला १९८१ च्या मोटारसायकल अपघातानंतर स्वतःच्या आयुष्यातली एकही घटना ‘आतून’ आठवत नव्हती, पण आयुष्याविषयीची कित्येक तथ्ये ठाऊक होती. एखादा प्रसंग पुन्हा जगल्याची जी जाणीव असते, ‘मी तिथे होतो’ ही, ती माहितीपासून सुटी होऊ शकते, हे त्याच्यामुळे कळले. के. सी.कडे माहिती होती, जाणीव नव्हती. बाबा किंवा आत्या यांच्यापैकी एकाकडे जाणीव होती, तिच्यामागे घटना नव्हती. ही जाणीव भूतकाळाने उमटवलेला शिक्का नाही. ती आठवतानाच्या क्षणी, आजच्या मेंदूत तयार होते, असे मला आता वाटते.

बोस्टन विद्यापीठातील चेताविकारतज्ज्ञ अँड्र्यू बडसन आणि सहकारी २०२२ मध्ये याच्याही पुढे गेले: जाणीव मुळात स्मृतीचाच भाग म्हणून उत्क्रांत झाली आणि आपण जगाचा अनुभव थेट घेत नसून क्षणभरापूर्वीच्या अनुभवाची आठवण घेत असतो, असे त्यांचे म्हणणे. कल्पना मोहक आहे. पुराव्यापेक्षा थोडी जास्त मोहक आहे. जाणिवेच्या इतर सिद्धान्तांचीही स्थिती काही फार बरी नाही. जाणिवेची मेंदूतली खूण पंचवीस वर्षांत स्पष्टपणे सापडेल, अशी पैज चेताशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी १९९८ मध्ये लावली होती आणि २०२३ मध्ये ते ती हरले. दोन प्रमुख सिद्धान्तांना समोरासमोर उभे करणारा २५६ जणांवरचा मोठा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही दोघांचीही काही महत्त्वाची भाकिते चुकली.

या सगळ्या वाचनाच्या मध्येच, दिवाळीच्या आधी माळा आवरताना, आण्णांची जमाखर्चाची वही सापडली. जुन्या वह्या पुरात गेल्या, ही पुरानंतर घेतलेली. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली वहीचीच किंमत, मग घासलेट, मेणबत्त्या, दोन घोंगड्या, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक ओळ: ‘चष्मा नवा, रु. १७’.

ती ओळ मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. चष्मा वर आणला होता पण फुटका निघाला, असे असू शकते. घर आणले आणि ते रिकामे होते, असेही असू शकते. किंवा चष्मा कोणीच आणला नव्हता. दोन मुले वरच्या मजल्यावर बसून, आपण तो आणायला हवा होता, असा विचार करत राहिली. वहीत ‘नवा’ का, याचे कारण लिहिलेले नाही, कारण जमाखर्चात कारणे लिहीत नाहीत.

वही पिशवीत घालून मी सहकारनगरला आत्याकडे गेलो. पूरग्रस्तांच्या सोसायट्यांमधून वसलेल्या या भागातच ती लग्न होऊन आली आणि तिथेच आता तिच्या मुलीजवळ राहते. ती गॅलरीत बसली होती. वही बाहेर काढावी की नाही हे माझे ठरत नव्हते, तेवढ्यात तिने मला ‘दादा’ अशी हाक मारली. अलीकडे ती मला बाबा समजते. माझा आवाज त्यांच्यासारखा आहे. थोडा वेळ ती माझ्या पायांकडे पाहत राहिली, बहुधा ते ओले आहेत का हे, आणि मग हलक्या आवाजात, आतल्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, तिने विचारले, ‘मिळाला का रे आण्णांचा चष्मा?’

‘मिळाला,’ मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि बशीतला चहा निवला आहे का ते बोटाने पाहिले.